प्रबळ चुंबकक्षेत्र आणि क्वार्क-द्रव्य
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दीक्षितपुरा, जबलपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही निवडलेला विषय ऐकून काही ज्येष्ठांनी, "हे आम्हां सामान्यांना झेपेल काय?" अशी शंका बोलून दाखविली. शंका रास्त आहे. परंतु आपल्या घरात थिजणारे तूप आणि दारात काढली जाणारी ठिपक्यांची रांगोळी, एवढ्या सामग्रीवर या विषयाचा गाभा उकलता येतो, असे आम्हांस वाटते.

प्रथम तुपाकडे वळू. बर्फ शून्य अंशाला वितळतो. अलीकडे घन, पलीकडे द्रव, मधली सीमा स्पष्ट. तुपाचे तसे नाही. पौषातल्या थंडीत थिजलेले तूप शेगडीजवळ ठेवले की ते आधी मऊ पडते, मग कडेने सुटते आणि हळूहळू पातळ होते. नेमके कोणत्या क्षणी वितळले, हे गृहिणीलाही सांगता येणार नाही. द्रव्याच्या अवस्थांतराचे हे दोन प्रकार ध्यानात असू द्यावेत.

अणूच्या केंद्रकात प्रोटॉन व न्यूट्रॉन असतात आणि त्यांच्या पोटात क्वार्क. क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या कणांना ग्लुऑन म्हणतात. हे बंधन इतके बळकट की एकटा क्वार्क कोणाच्याही दृष्टीस पडलेला नाही. मात्र उष्णता सुमारे पावणेदोन लाख कोटी अंशांपर्यंत, म्हणजे सूर्याच्या गाभ्याच्या लाखपटीहून अधिक, वाढविली तर प्रोटॉन-न्यूट्रॉनच विरघळतात आणि क्वार्क-ग्लुऑनांचा रस तयार होतो. विश्वाच्या जन्मानंतर सुमारे एका लाखांश सेकंदापर्यंत सर्वत्र हाच रस होता. तो निवला आणि त्यातून आपल्या देहातील प्रोटॉन घडले. हे अवस्थांतर बर्फासारखे की तुपासारखे, हा वाद पुष्कळ वर्षे चालला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या गणिताने निर्णय दिला : विश्वाच्या बाल्यावस्थेत होती तशी स्थिती असेल, तर ते तुपासारखे.

आता या तुपाशेजारी चुंबक ठेवला तर काय होईल? साधा चुंबक येथे उपयोगाचा नाही. होकायंत्राची सुई वळविणारे पृथ्वीचे क्षेत्र जेमतेम अर्धा गॉस भरते. रुग्णालयातील एम. आर. आय. यंत्राचे क्षेत्र पंधरा ते तीस हजार गॉस असते. मॅग्नेटार नावाच्या मृत ताऱ्यांवर ते एकावर पंधरा शून्ये इतके चढते. असा एक मॅग्नेटार २०१८ च्या अखेरीस पुन्हा जागा झाला, तेव्हा नारायणगावाजवळच्या खोडद येथील, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांच्या रेडिओ-दुर्बिणीने त्याचे संदेश टिपले. ज्या शिवारात द्राक्षांचे मळे आहेत, तेथेच हे काम चालते, याचा आपणां दूरस्थांना अभिमान वाटावा.

याहूनही प्रबळ क्षेत्र माणसाने निर्माण केले आहे. विद्युतभार धावू लागला की भोवती चुंबकत्व उपजते, हे ओर्स्टेडने १८२० साली दाखविले. अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे सोन्याची केंद्रके प्रकाशाच्या जवळपास वेगाने परस्परांवर सोडण्यात आली. ती किंचित बाजूने घासून गेली की एकावर अठरा शून्ये इतक्या गॉसचे क्षेत्र उद्भवते. पण ते क्षणाच्याही अतिसूक्ष्म अंशात ओसरते.

एवढ्या क्षेत्रात क्वार्क-द्रव्याचे काय होते, हे गणिताने पाहावे लागते, आणि येथे रांगोळी उपयोगी पडते. अवकाश आणि काळ यांचे ठिपके मांडावयाचे; ठिपक्यांवर क्वार्क ठेवावयाचे, ठिपके जोडणाऱ्या रेषांवर ग्लुऑन, आणि महासंगणकाकडून हिशेब करवून घ्यावयाचा. ठिपके जितके दाट, तितके चित्र खरे. द्रव्याची घनता वाढविली तर या हिशेबात धन-ऋण चिन्हांचा मोठा गोंधळ उडतो. त्यातून वाट काढण्याच्या कामी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राजीव गवई व सौरेंदु गुप्ता यांनी महत्त्वाची भर घातली. चुंबकक्षेत्राच्या बाबतीत ही अडचण येत नाही. म्हणून येथे उत्तर सरळ मिळण्यासारखे होते.

उत्तर काय येणार, याविषयी बहुतेकांचे मत ठरलेलेही होते. चुंबकक्षेत्र क्वार्क व प्रतिक्वार्क यांच्या जोड्या जुळविण्यास साहाय्य करते. जोड्या बळकट, तर त्या मोडावयास उष्णताही जास्त लागणार. २०१० मधील एका गणितानेही वितळण्याचे तापमान किंचित वाढते असाच कौल दिला. पण त्या रांगोळीचे ठिपके विरळ होते आणि क्वार्कांची वस्तुमाने निसर्गातल्यापेक्षा जास्त धरलेली होती. २०१२ मध्ये जर्मनी व हंगेरी येथील शास्त्रज्ञांनी दाट ठिपके आणि खरी वस्तुमाने घेऊन तोच हिशेब केला. उत्तर उलटे आले : क्षेत्र वाढते तसे तापमान उतरते! थंड स्थितीत जोड्या बळकट होतात हे खरेच. पण अवस्थांतराच्या सुमारास क्षेत्राचा परिणाम क्वार्कांमार्फत ग्लुऑनांवर होतो आणि बंधनाची वीणच सैल पडते. पुढे इटलीतील शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिशेबात असेही आढळले की क्षेत्र अतिप्रचंड झाले की तुपाचा बर्फ होतो. म्हणजे सावकाश होणारे अवस्थांतर सीमारेषा ओलांडल्यासारखे एकाएकी घडू लागते.

दुसरी कथा प्रयोगाची. या रसात डावे-उजवे वळण असलेल्या क्वार्कांची संख्या असमान झाली, तर चुंबकक्षेत्र धन व ऋण भार विलग करील, असे भाकीत होते. ते पडताळण्यासाठी ब्रुकहेवन येथे २०१८ मध्ये रुथेनियम आणि झिर्कोनियम यांच्या टकरी घडविल्या. दोहोंच्या केंद्रकांत कण शहाण्णवच. परंतु प्रोटॉन एकात चव्वेचाळीस, दुसऱ्यात चाळीस. म्हणून रुथेनियमचे क्षेत्र अधिक, आणि भारांची फारकतही अधिक दिसावयास हवी. आपल्या आशेने निकाल वाकू नये म्हणून, कोणती मोजमापे कोणत्या धातूची हे विश्लेषकांपासून लपविले गेले आणि कसोट्या आधीच लिहून ठेवल्या गेल्या. या कार्यात भारतीय संस्थाही सहभागी होत्या. २०२१ मध्ये पडदा दूर झाला. अपेक्षित खूण दिसली नाही. शेकडो लोकांच्या अनेक वर्षांच्या श्रमांचे हे फळ त्यांनी जसेच्या तसे जगापुढे ठेवले. भाकीत कायमचे खोटे ठरले असे नव्हे; त्या कसोट्यांना ते उतरले नाही, एवढेच.

बंधुभगिनींनो, या दोन हकिकती सांगण्यासाठीच आम्ही हा विषय निवडला. आपली मुले आज देशोदेशी अशाच प्रयोगशाळांत शिकत आहेत. सुटीत घरी आली की आपण त्यांना विचारतो, "काय नवे शोधून काढलेस?" त्यांच्यापैकी एखाद्याने "काही सापडले नाही" असे उत्तर दिले, तर त्याला अपयशी समजू नये. "शोधलेस कसे?" असे विचारावे. रांगोळीचे ठिपके त्याने दाट मांडले असतील आणि सोयीचे उत्तर आले तरी ते पुन्हा मोजून पाहिले असेल, तर त्याचे काम वाया गेलेले नाही.