फणसाचा ओंडका आणि यांत्रिक करवत

तौक्ते वादळ १६ मे २०२१ रोजीं सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यास खेटून उत्तरेकडे गेलें. जमिनीवर तें चढलें दुसऱ्या दिवशीं, आणि तेंही गुजराथेंत. परंतु मालवण, देवगड व वेंगुर्ले या तालुक्यांनीं त्याचा मार आधींच खाल्ला होता. कौलें उडालीं, विजेचे खांब आडवे झाले, आंबे, फणस आणि माड उन्मळून वाटांवर व घरांवर पडले. वीज कित्येक दिवस नव्हती. कुऱ्हाड आणि कोयती यांनीं काय साधतें व काय साधत नाहीं, हें त्या आठवड्यांत पुष्कळ घरांस कळून चुकलें. हातभर जाडीचा आंब्याचा बुंधा कुऱ्हाडीनें तोडावयाचा तर दोन गड्यांची सकाळ जाते. यांत्रिक करवत तेंच काम चहा उकळेपर्यंत उरकते.

मुंबईस नोकरी आणि मालवणाकडे घर-बाग अशीं अनेक कुटुंबें आहेत. त्यांतल्या पुष्कळांच्या मांगरांत आज एक लहानशी पेट्रोलची करवत असते. कोणी तिला चेनसॉ म्हणतो, कोणी नुसतें कटर. वादळानंतर मात्र घरांत असा विचार निघतो कीं, हिच्याहून मोठी घ्यावी. वर्षाचें जळण फोडतां येईल, पावसाळ्यानंतर पाणंद आणि डोंगराची वाट साफ करतां येईल, आणि आजोबांनीं लावलेला फणस पुढेंमागें पडलाच, तर त्याच्या फळ्या घरच्या घरीं पाडतां येतील. हीं तीन कामें एकाच यंत्रानें व्हावींत काय, आणि व्हावयाचीं तर तें यंत्र केवढें असावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या यंत्राचें माहेर जर्मनी. थुरिंजिया प्रांतांतील डोलमार नांवाच्या डोंगरावर १९२७ सालीं एमिल लेर्प यानें पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत चालवून पाहिली. आंद्रेआस ष्टील याची पेट्रोलची करवत १९२९ सालीं निघाली. त्या करवती इतक्या अवजड असत, कीं एकीस दोन माणसें लागत. परंतु खरी सुधारणा पुढें झाली ती इंजिनांत नव्हे, साखळींत. आणि तिची हकीकत मोठी मौजेची आहे. अमेरिकेंतील ऑरेगन राज्यांत जोसेफ बफर्ड कॉक्स नांवाचा एक लांकूडतोड्या होता. तेव्हांच्या साखळीचे दाते वरचेवर घांसावे लागत. १९४६ सालीं त्यानें एका बुंध्यांत लांकूड पोखरणारी अळी पाहिली. ती आपल्या दोन जबड्यांनीं डावीकडे-उजवीकडे कुरतडीत, तंतू उभे कीं आडवे याची पर्वा न करतां, सारख्याच वेगानें पुढें सरकत होती. त्या जबड्यांच्या घाटाचे डावे-उजवे दाते करून त्यानें साखळी बनविली आणि १९४७ सालीं विक्रीस काढली. आजच्या बहुतेक साखळ्या त्याच वंशांतल्या आहेत. गिऱ्हाईक दुकानांत इंजिनाकडे पाहतें. लांकूड कापतो तो दाता, हें त्याच्या ध्यानांत क्वचितच येतें.

तरीही इंजिनाचें माप सांगावयास हवें. तें सी.सी.मध्यें मोजतात. ३० ते ४५ सी.सी.चें यंत्र घरगुती, ५० ते ६० चें मधलें, ७० च्या आसपासचें मोठें, आणि ९० वा त्याहून अधिक तें रोज फळ्या पाडणाराचें. पट्टी व साखळी सोडून ५० सी.सी.च्या यंत्राचें वजन सुमारें पांच किलो, ७० चें सहा ते साडेसहा आणि ९० चें सात-साडेसात भरतें. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. परंतु ज्यानें असें यंत्र कंबरेंत वांकून तासभर धरलें आहे, त्यास शेवटच्या पंधरा मिनिटांत प्रत्येक पावशेराची ओळख पटते.

आतां जळणाचें पाहूं. मालवणाकडील घरांत गॅस आला, कोठें गोबर गॅसही आला. पण न्हाणीघरांतलें चुलाण आणि भात उकडण्याची चूल अजून लांकडें मागतात. त्यांतला बराच भाग झावळ्या, सोडणें आणि करवंट्या यांवर भागतो. उरलेलें लांकूड म्हणजे आंब्याच्या फांद्या, काजू, आणि किनाऱ्यालगत सुरू. वीतभर जाडीच्या या लांकडास ४५ सी.सी.ची करवत आणि सोळा इंची पट्टी पुरून उरते. केवळ जळणासाठीं कोणी ७० सी.सी.चें यंत्र घेत असेल, तर तो वाटाणे भरडण्यासाठीं गिरणी विकत घेतो आहे.

मात्र किनाऱ्यावरच्या लांकडाची एक खोड आहे. सुरूच्या सालींत वाऱ्यानें उडालेली वाळू बसलेली असते, आणि धारदार साखळी एकदां त्या वाळूंतून गेली, कीं तिची धार जाते. माडाचा बुंधाही असाच; बाहेरून चिवट तंतूंचा, आणि त्या तंतूंत वाळूचाच एक प्रकार असल्यामुळें दाते झिजविणारा. करवतीखालून जाडसर ढलप्या पडत आहेत तोंवर धार ठीक. पिठासारखा भुसा पडूं लागला, कीं यंत्र थांबवून गोल कानस हातीं घ्यावी. पुष्कळ लोक ती घेत नाहींत. ते यंत्र अधिक जोरानें दाबतात, आणि मग आपलें यंत्र लहान आहे अशी तक्रार करतात. बोथट साखळीच्या ७० सी.सी.पेक्षां धारदार साखळीची ४५ सी.सी. लवकर कापते. मोठें यंत्र घेण्याच्या अनेक इच्छा तीन कानशींच्या किमतींत शमण्यासारख्या असतात.

वाट साफ करण्याचें काम याच्या उलट प्रकृतीचें. मसुऱ्याच्या भरतगडावर किंवा नदीपलीकडील भगवंतगडावर चढणारी वाट घ्या, नाहीं तर दोन गडग्यांमधली अरुंद पाणंद घ्या. तेथें दिवसाच्या आठ तासांत यंत्र चालतें फार तर एक तास, बाकी वेळ तें खांद्यावर असतें. त्याच्याबरोबर पेट्रोलचा डबा, साखळीचें तेल, पाचरी आणि पिण्याचें पाणी. पावसांत बुळबुळीत झालेल्या चिऱ्यांवरून हें ओझें नेतांना हलकें यंत्र हेंच चांगलें यंत्र. वाटेवरचीं झुडपें तर कोयतीचींच. तेथें करवत घालणें धोक्याचें. म्हणून मोठें यंत्र घेतल्यावर लहान विकून टाकावें, हा सल्ला कोणी दिला तर ऐकूं नये.

राहिलें फळ्या पाडण्याचें. मोठ्या यंत्राचा मोह खरा येथूनच सुरू होतो, आणि हिशेबही येथेंच चुकतो. आडवा छेद आणि उभा छेद यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. ओंडक्याचे तुकडे करतांना करवत मिनिटभर चालते व थांबते. फळी पाडतांना ती पूर्ण वेगानें, पूर्ण भारानें, लांबीभर चालत राहते. पट्टीवर एक लोखंडी चौकट बसवितात, पहिल्या छेदास सरळ शिडी किंवा फळी खिळवून तिच्या आधारानें चौकट सरकवितात, आणि पुढले छेद आधींच्या सपाट पृष्ठावरून घेतात. चौकटीच्या पकडींत पट्टीची चार-पांच इंच लांबी खर्ची पडते. म्हणजे चोवीस इंची पट्टीनें एकोणीस-वीस इंच रुंदीची फळी निघते. यासाठीं साखळीही निराळी असते. नेहमींच्या साखळीचे दाते सुमारें ३० अंशांत घांसलेले असतात, फळ्यांच्या साखळीचे १० अंशांच्या आसपास. ५० सी.सी.चें यंत्र या कामास जुंपलें तर तापतें, आणि तापून अकालीं मरतें. ७० सी.सी.चें यंत्र वर्षांतून चार-सहा ओंडके बिनतक्रार पाडील, मात्र प्रत्येक छेदानंतर तें मिनिटभर मंद चालूं द्यावें आणि हवेची जाळी झाडावी. त्याहून मोठें यंत्र हें रोजच्या धंद्याचें.

लांकडाची नासाडी हाही मुद्दा आहे. साखळीचा छेद सुमारें ९ मिलिमीटर रुंद पडतो, गिरणींतल्या पट्टा-करवतीचा सुमारें २. तीस सेंटिमीटर जाडीचा चौरस केलेला ओंडका घेऊन २५ मिलिमीटरांच्या फळ्या पाडल्या, तर साखळीनें नऊ निघतात आणि गिरणींत अकरा. दोन फळ्या भुसा होऊन उडून जातात. पूर्वीं एक माणूस ओंडक्यावर आणि दुसरा खालीं उभा राहून हाताच्या करवतीनें फळ्या काढीत, तेव्हां सबंध दिवस जाई, पण लांकूड वाचे. तेव्हां ज्याचा फणस डांबरी रस्त्याला लागून पडला आहे, त्यानें तो गिरणीस न्यावा हेंच शहाणपणाचें. साखळीची करवत सार्थ होते ती जेथें ट्रक पोंचत नाहीं, पाणंदींतून ओंडका वळत नाहीं, आणि एरवीं त्या झाडाचें सरपणच झालें असतें अशा ठिकाणीं. आणि मालवणाकडे अशीं घरें थोडीं नाहींत.

यंत्राच्या आधीं कायदा पाहावा. महाराष्ट्रांत १९६४ चा वृक्षतोड विनियमन अधिनियम लागू आहे. त्याच्या अनुसूचींत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, खैर, ऐन, किंजळ हीं झाडें आहेत. तीं स्वतःच्या बागेंतलीं असलीं तरी तोडण्यास परवानगी लागते. वाऱ्यानें पडलेलें झाड हें परवानगीचें मान्य कारण आहे, पण अर्ज करावा लागतो. वादळाची नुकसानभरपाई मागावयाची असेल तर पंचनामा होण्यापूर्वीं ओंडक्याला करवत लावूं नये. वाट अडली असेल तर निदान छायाचित्रें काढून ठेवावींत. लांकूड गाडींतून हलविण्याआधीं वाहतूक परवान्याची चौकशी वनखात्याच्या कचेरींत करावी. देवराईंतल्या पडलेल्या झाडासंबंधीं गांवकीस विचारावें, हें सांगण्याची गरज कोंकणांत नाहीं.

खरा धोका मात्र पडलेल्या झाडांतच असतो. उभें झाड कोणीकडे पडेल याचा अंदाज बांधतां येतो. वादळांत पडलेल्या झाडाच्या अंगांत ताण कोंडलेला असतो. वांकलेल्या फांदीचा ताणलेला अंग आधीं कापला, तर ती तोंडावर उसळते. मुळांसकट उपटलेलें झाड बुंध्याजवळ कापलें, तर वजन सुटतांच तें मुळांचें चाक खड्ड्यांत परत बसतें, आणि त्याच्या मागें पोर उभें असेल तर त्याच्यासकट. पट्टीच्या टोंकाचा वरचा भाग लांकडास लागला, तर सबंध यंत्र क्षणांत मागें डोक्याकडे येतें. साखळीचा वेग सेकंदास वीस मीटरांच्या घरांत असतो. हात मागें घेण्यास वेळ मिळत नाहीं. लुंगी आणि चपला घालून हें यंत्र चालविणारे लोक किनाऱ्यावर सर्रास दिसतात. मे महिन्याच्या उकाड्यांत जाड संरक्षक विजार नकोशी होते हें खरें. पण जो तिची किंमत यंत्राच्या किमतींत धरीत नाहीं, त्याचें यंत्र अजून पुरतें विकत घेऊन झालेलें नाहीं. शिरस्त्राण, डोळ्यांवरची जाळी, कानांवरचीं झांकणें आणि बंद बूट हेंही त्याच यादींतलें.

पेट्रोलाचीही एक अडचण आहे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, आणि इथेनॉल हवेंतलें पाणी शोषतें. मालवणच्या पावसाळी हवेंत तेल मिसळलेलें पेट्रोल डब्यांत दोन महिने राहिलें, तर त्याचा भरंवसा धरूं नये. इतकें इथेनॉल आपल्या यंत्रास चालतें कीं नाहीं, हें घेतेवेळीं विक्रेत्यास विचारावें. पुष्कळ यंत्रें दहा टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणासाठीं बनविलेलीं असतात. मिश्रण लागेल तेवढेंच करावें. पुष्कळ कंपन्या लिटरास २० मिलिलिटर तेल सांगतात. मृगापूर्वीं टांकी रिकामी करून यंत्र बंद पडेपर्यंत चालवावें, आणि साखळी तेलांत बुडवून ठेवावी. साखळीवर मोटारीचें जळकें तेल सोडण्याची रीत स्वस्त खरी. पण तें तेल विहिरीभोंवतींच्या मातींत मुरतें.

तेव्हां ज्या घराची वाट अरुंद आहे, आवारांत म्हातारे फणस-आंबे आहेत आणि चालविणारा धडधाकट माणूस गांवांतच राहतो, त्यानें ७० सी.सी.च्या आसपासचें यंत्र घ्यावें. वीस इंची पट्टी रोजची, चोवीस इंची फळ्यांपुरती. दुरुस्ती आणि सुटे भाग कणकवलींत किंवा कुडाळांत मिळतात काय, हें आधीं विचारावें. सुटा भाग मुंबईहून येईपर्यंत पावसाळा संपतो. फळ्यांचा बेत नसेल तर ५०-६० वर थांबावें. आणि घर वर्षांतून गणपतीला व मे महिन्यांतच उघडत असेल, तर गांवांतल्या यंत्रवाल्यास रोजावर बोलवावें. त्याचा हात रोजचा असतो.

फळ्या निघाल्यावर तीं लांकडें ओलीं असतात हें विसरूं नये. दोन्ही टोंकांस जाड रंग फांसावा, मांगरांत जमिनीपासून हातभर उंचीवर, फळी-फळीमध्यें सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून, वर वजन ठेवून तीं रचावींत. इंचभर जाडीस वर्षभर लागतें. पिंवळ्या फणसाचा तांबूस रंग तोंवर उतरूं लागलेला असतो, आणि सुतारास बोलावण्यास तो वेळ ठीक.