घरची बंदूक आणि सरकारची खरेदी
(समाजाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



नव्या काबिजादीतल्या आपल्या जुन्या घरांत दसऱ्याला शस्त्रे पुजतात. काही घरांत कोयता-तलवारीशेजारी बंदूकही असते. ती शोभेची नव्हे. केळी, माड, काजू राखण्यासाठी आजोबांनी तिचा परवाना काढलेला असतो. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची स्पष्ट तरतूद आहे.

डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीने मात्र माणशी तीनऐवजी दोनच बंदुकांची मर्यादा आली. वारशाने आलेली बंदूकही त्यातच मोजायची. जादा असेल ती वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. मोबदल्याचे नाव नाही!

परदेशात असे झाले नाही. ऑस्ट्रेलियाने 1996 च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर सुमारे साडेसहा लाख बंदुका पैसे देऊन घेतल्या. न्यूझीलंडने 2019 मध्ये बंदुकीचा प्रकार व स्थिती पाहून दर ठरवले आणि सुमारे 56 हजार बंदुका गोळा केल्या.

आम्ही बंदुकीचे भक्त नाही. चालवणारा उरला नाही, मुले मुंबई-पुण्यात, आणि बंदूक माळ्यावर गंजते आहे, हे धोक्याचेच. अशी बंदूक सरकारने जरूर विकत घ्यावी, पण नियम करून. देणे ऐच्छिक असावे. दरपत्रक आधी जाहीर व्हावे. बंदुकीच्या क्रमांकासह पावती मिळावी आणि परवाना तिथेच रद्द व्हावा. घेतलेली बंदूक पंचांसमक्ष नष्ट व्हावी. पुरातन असेल तर संग्रहालयात जावी, बाजारात कधीही नाही. बेकायदा गावठी बंदुकीला मात्र पैसे देऊ नयेत, नाहीतर ती बनवणाऱ्याला सरकारच गिऱ्हाईक होईल.

ज्याची बागायत आहे त्याच्यावर सक्ती नको. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघतो. 2024 ची आचारसंहिता 16 मार्चला लागली आणि निकाल 4 जूनला आला. म्हणजे काजूचा सगळा हंगाम त्यात गेला. सरसकट जमा न करता प्रत्येक परवानाधारकाची छाननी करावी, ही मुंबई उच्च न्यायालयाची 2009 पासूनची भूमिका आहे. ती तालुक्याच्या पातळीवर पाळली जावी, एवढेच आमचे मागणे.

आपलीही जबाबदारी आहे. परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि गवा तर आपल्या राज्याचा प्राणी. 2025 मध्ये सिंधुदुर्गातून ओंकार हत्ती पेडण्यात उतरला, तेव्हा बंदूक हा त्यावर इलाज नव्हता. ते काम वनखात्याचेच होते.

म्हणून घरी गेल्यावर एक करा. परवाना कोणाच्या नावावर आहे, मुदत कधी संपते, ते पाहा. वडील गेले असतील आणि वारसाची नोंद झाली नसेल, तर आजच अर्ज करा. कागद नीट असतील तरच मोबदल्याची मागणी आपण ताठ मानेने करू शकू.

जय हिंद, जय गोमंतक.