एका पोरकट चित्रपटाचे ऋण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बंगळूर येथे दिलेले भाषण)



अशा मंगल प्रसंगी ज्ञानेश्वरीवर, नाट्यसंगीतावर किंवा मराठ्यांच्या इतिहासावर बोलावे अशी रीत आहे. माझा आजचा विषय ऐकून मागे बसलेली तरुण मंडळी हसतील आणि पुढे बसलेल्या ज्येष्ठांच्या कपाळाला आठ्या पडतील. विषय आहे महेश कोठारे यांचा 1993 सालचा चित्रपट 'झपाटलेला'.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. तात्या विंचू नावाचा खुनी गुंड बाबा चमत्कार नामक मांत्रिकाकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो आणि पोलिसांच्या गोळीने मरता मरता आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो. तो बाहुला फिरत फिरत खेड्यातल्या लक्ष्याच्या हाती पडतो. लक्ष्या भोळा, आईचा लाडका आणि बोलक्या बाहुल्यांचे वेड असलेला. बाहुल्याला आता लक्ष्याचा देह हवा असतो. बाहुला जिवंत आहे हे लक्ष्या जीव तोडून सांगतो, पण त्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. अखेर बाहुल्याच्या भ्रूमध्यावर गोळी लागते आणि संकट टळते. तर्काच्या कसोटीला हे काहीच उतरावयाचे नाही आणि उतरावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

ही कल्पना मुळात आपली नव्हे. 1988 साली अमेरिकेत 'चाइल्ड्स प्ले' नावाचा भयपट निघाला. त्यातही मरणोन्मुख खुनी मंत्राने बाहुल्यात शिरतो. उसनवारीचा हा आक्षेप खराच आहे. पण बंगळुरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी दुसरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कोठारे यांचा 1985 सालचा 'धूमधडाका' हा श्रीधर यांच्या 'कादलिक्क नेरमिल्लै' या 1964 सालच्या तमिळ चित्रपटाचा वंशज. तीच कथा 1966 साली हिंदीत 'प्यार किए जा' म्हणून अवतरली आणि 1979 साली कन्नडमध्येही आली. गोष्टी अशाच गावोगाव हिंडत असतात. त्या कोठून आल्या यापेक्षा आल्या घरी त्या कशा रुळल्या, हे पाहणे अधिक उद्बोधक होय.

'झपाटलेला' मराठी घरात रुळला तो प्रथम नावांमुळे. 'तात्या' हे वडीलधाऱ्याला मारावयाचे आदराचे नाव. त्याला 'विंचू' जोडला की आदर आणि विष एकाच घोटात गळ्याखाली उतरते. या नावाचे इंग्रजी भाषांतर करून पाहावे. विंचू जाईल, तात्या मागेच राहील! त्याच्या साथीदाराचे नाव कुबड्या खवीस. कोठाऱ्यांच्याच 1990 सालच्या 'धडाकेबाज' चित्रपटात बाटलीतला गंगाराम होता आणि त्याच्यासमोर उभा होता कवट्या महाकाळ. आता 'खवीस' म्हणजे काय, हे बंगळुरात वाढलेल्या नातवाला कोठून कळणार? तो आजीला विचारतो. आजी खविसापासून सुरुवात करते आणि पिंपळावरचा मुंजा, भुतांचा राजा वेताळ, हडळ, समंध अशी सगळी मंडळी एकामागून एक घरात आणते. मूळचा अरबी शब्द कोकणच्या भूतकथांत कसा स्थिरावला, हेही जाणत्याने त्याला सांगावे. एका पोरकट नावातून लोकपरंपरेचे एवढे मोठे दार उघडते.

दुसरे कारण म्हणजे अस्सल कलावंत. तात्या विंचू साकारला दिलीप प्रभावळकरांनी. दूरदर्शनवरचे चिमणराव तेच आणि 2006 सालच्या 'लगे रहो मुन्नाभाई'तील गांधीजीही तेच. बाहुला घडविला रामदास पाध्ये यांनी. अर्धवटरावांना घराघरांत नेणाऱ्या यशवंत पाध्ये यांचे ते चिरंजीव. आणि लक्ष्या होते लक्ष्मीकांत बेर्डे. 2004 साली ते गेले, तेव्हा आपल्या पिढीला घरचेच माणूस गेल्यासारखे वाटले. बाहुल्याकडे पाहून भयाने डोळे विस्फारणारा त्यांचा चेहरा आजही मुलांना हसवतो आणि त्या हसण्यासाठी दुभाषा लागत नाही.

दोषही सांगितले पाहिजेत. स्त्रीपात्रांना कामे बेताचीच आहेत, आरडाओरडा फार आहे, काही विनोद आज खटकतात. 'संत तुकाराम' (1936) किंवा 'श्यामची आई' (1953) यांच्या पंक्तीला हा चित्रपट बसविण्याचा माझा मुळीच विचार नाही. चमत्काराचे म्हणाल तर तुकोबांनाही वैकुंठाला नेणारे विमान पडद्यावर उतरलेच होते. परंतु तो चमत्कार भक्तीचा आणि हा निव्वळ गमतीचा. दोन्हींची जागा वेगळी आहे.

मग आजच्या दिवशी हा विषय कशासाठी? शब्दभ्रमाच्या कलेत ओठ बाहुल्याचे हलतात आणि आवाज दुसऱ्याचा असतो. आपल्या संमेलनांत मुले मनाचे श्लोक म्हणतात, पोवाडे म्हणतात. आपण टाळ्या वाजवतो. ते पाठांतर मोलाचे आहे, ते चालू राहावे. पण खरे सांगावयाचे तर त्या वेळी आवाज पुष्कळदा आपलाच असतो, ओठ तेवढे मुलांचे. रस्त्यावर कन्नड, शाळेत इंग्रजी, मित्रांत हिंदी आणि घरी 'समजते, पण बोलता येत नाही' अशी अवस्था आपल्या कितीतरी घरांत आहे. अशा मुलाने तात्या विंचूची नक्कल केली, आजीला खवीस म्हणून भेवडावले, एखादा टोमणा आपणहून मारला, की तो आवाज त्याचा स्वतःचा असतो. कोणी शिकविल्यावाचून मनुष्य ज्या भाषेत थट्टा करतो, ती भाषा त्याच्याकडून सहसा जात नाही.

म्हणून माझी कार्यकारिणीला एक विनंती आहे. वर्षातून एक संध्याकाळ अशा चित्रपटांना द्यावी. मुलांना एकटे बसवून मोठ्यांनी बाहेर चहा घेत उभे राहू नये, त्यांच्या शेजारी बसावे आणि ती विचारतील त्या शब्दाचा अर्थ सांगावा. आपल्या शेजारच्या कन्नड कुटुंबांनाही बोलवावे. त्यांच्याकडेही भुतांच्या गोष्टींना तोटा नाही.

मंडळाची पहिली पन्नास वर्षे वडीलधाऱ्यांनी निष्ठेने सांभाळली. पुढची पन्नास ही मुले सांभाळणार आहेत. ती केवळ कर्तव्य म्हणून येथे येणार नाहीत. येथे मजा वाटली तरच येतील. 

जय महाराष्ट्र, जय कर्नाटक!