कामाला माप हवे

(कनेरगाव नाका येथे नवदीक्षित कुटुंबांच्या मेळाव्यात केलेले भाषण)





आपले हे गाव हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मराठवाडा व विदर्भ यांच्या सीमेवर वसलेले आहे. १९४८ पूर्वी अलीकडे निजामाचे राज्य होते व पलीकडे इंग्रजांच्या कारभारातील वऱ्हाड. नाका म्हणजे काय, हे आपणास सांगावयास नको. नाक्यावर गाडी थांबते, माल मोजला जातो, पावती फाडली जाते. एका पोत्याचीही नोंद होते. परंतु धुणीभांडी, झाडूपोछा व स्वयंपाक करण्यासाठी ज्या आपल्या भगिनी खेड्यापाड्यांतून पुण्या-मुंबईकडे जातात, त्यांच्या श्रमाची नोंद कोणत्या वहीत होते? आज मला एवढाच प्रश्न आपणापुढे मांडावयाचा आहे.

हा प्रश्न आपल्या समाजास नवा नाही. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. १८७४ च्या वतन कायद्याखाली महारांस रात्री-अपरात्री हाक येईल तेव्हा कामावर धावावे लागे. कर्ता पुरुष घरी नसेल तर घरातील दुसऱ्या माणसास जावे लागे. मोबदला काय, तर थोडी जमीन, थोडे बलुते आणि दारोदार मागितलेली भाकर. त्या वतनाचे वर्म मी असे समजतो: काम कष्टाचे होते हे दुःख खरे, परंतु त्या कामाला माप नव्हते हे त्याहून मोठे दुःख होते. किती तास, किती काम, किती दाम, यांपैकी काहीच ठरलेले नव्हते. आपला मुलूख तेव्हा निजामाकडे होता. पण वेठीची रीत काही नाक्यावर अडत नसते.

मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने ती वतने संपविली. मात्र बिनमापाचे काम संपले नाही; ते वेशीवरून उठले आणि शहरातील स्वयंपाकघरात जाऊन बसले. ठरलेली भांडी चार माणसांची. पाहुणे आले की ढीग दहा माणसांचा, आणि पैसे तेवढेच. दुखण्याने दोन दिवस पडून राहिली तर खाडे कापले जातात. घरातील एखादी वस्तू सापडेनाशी झाली की पहिला संशय तिच्यावर. तिचा कप निराळा, तिची बसण्याची जागा निराळी. वर पुन्हा म्हणावयाचे, "आम्ही तिला घरचीच समजतो!" घरची समजता, तर तिचा कप खिडकीत पालथा का?

मी हे पुस्तकातून वाचून सांगत नाही. माझ्या आईने चार घरची भांडी घासून मला वकिलीपर्यंत शिकविले. एका घरी तिच्यावर चांदीच्या वाटीचा आळ आला. दोन दिवसांनी वाटी त्यांच्याच कपाटात सापडली. आईला पुन्हा कामावर बोलाविले. पण चुकलो, हा एक शब्द कोणी उच्चारला नाही. पुढे मी वकील झालो, घर बांधले आणि माझ्याही घरी एक बाई कामास येऊ लागली. एके दिवशी आईने मला विचारले, "बाबा, हिला सुट्टी कधी असते रे?" मजजवळ उत्तर नव्हते. दीक्षा घेतलेला, कायदा शिकलेला मी. माझ्याच घरात वतन चालू होते! त्या दिवशी मला जी शरम वाटली, तिच्यामुळेच मी आज आपणापुढे उभा आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीस मनाई केली आहे. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निवाडा दिला की, किमान वेतनापेक्षा कमी दामावर काम करून घेणे ही देखील सक्तीची मजुरीच होय. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. या कायद्याने नोंदणीची व कल्याणाची सोय केली. पण कामाचे तास व वेतन ठरवून दिले नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, परंतु त्यास मान्यता देऊन तो स्वतःवर बंधनकारक करून घेतलेला नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याची चौकट कशी असावी याचा विचार करण्यास समिती नेमावी, असा आदेश केंद्र सरकारला दिला. म्हणजे कायदा दारापर्यंत आला आहे. उंबरठा ओलांडून आत यावयाचा आहे.

तोवर हात जोडून बसावयाचे काय? मुळीच नाही. १९८० साली पुण्यात एका बाईस आजारपणातील खाड्यांवरून कामावरून काढले, तेव्हा आसपासच्या घरकाम करणाऱ्या स्त्रियांनी काम बंद केले. त्यांच्या पाठीशी ना पैसा होता, ना कायदा. त्या लढ्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली आणि वेतनवाढ व हक्काची सुट्टी हे शब्द स्वयंपाकघरात प्रथम मोठ्याने उच्चारले गेले. एकटी बाई बोलली तर तिला उर्मट म्हणतात. शंभर जणी बोलल्या तर त्यास मागणी म्हणतात.

भगिनींनो, काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. काम धरतानाच काम कोणते, दाम किती व सुट्टी कोणती, हे ठरवा आणि वहीत लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर लेकीकडून लिहून घ्या. आपली लेक शाळेत जाते ती याचसाठी. वय १८ ते ६० असेल तर मंडळाकडे नोंदणी करा आणि ती वेळेवर चालू ठेवा. २०२१ साली टाळेबंदीच्या काळात सरकारने १,५०० रुपयांचे साहाय्य जाहीर केले, ते नोंदणी असलेल्यांनाच. जिचे नाव वहीत नव्हते तिच्या पदरी काही पडले नाही.

कामाच्या घरी कोणी अंगचटीस आला तर अब्रूच्या भीतीने गप्प बसू नका. २०१३ च्या कायद्याने घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे. जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. चोरीचा आळ आला तर हे विसरू नका की, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवाद करावयाचा तर महिला पोलीस अधिकारी व न्यायदंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. वकील देण्याची ऐपत नाही म्हणून घाबरू नका. १९८७ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. आणि बौद्ध झालो म्हणून अनुसूचित जातीचे संरक्षण गेले, असे कोणी सांगितले तर ऐकू नका; १९९० पासून ते बौद्धांनाही लागू आहे.

आणि चौदा वर्षांखालील लेकरू कोणाच्याही घरी कामास ठेवू नका. गरिबी कितीही असो, ते गुन्हा आहे, आणि आपल्या मुलीच्या हातची पाटी आपणच काढून घेणे आहे.

शेवटचे सांगणे नोकरदार झालेल्या बंधूंस आहे. भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थास सहा दिशांचा अर्थ सांगितला. त्यात आपल्याकडे राबणाऱ्यांप्रती धन्याची पाच कर्तव्ये आहेत: शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, घरात गोडधोड झाले तर त्यातले द्यावे, आणि वेळेवर विश्रांती द्यावी. जो धम्म आपण स्वीकारला त्यात अडीच हजार वर्षांपूर्वी हे माप घालून दिले आहे. ज्याच्या घरी कामाच्या बाईस आठवड्याची सुट्टी नाही, त्याने भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावण्यापूर्वी क्षणभर थांबावे.

मी काय केले, तेही सांगतो. आईने विचारले त्याच आठवड्यात मी कागद घेतला व काम, दाम आणि सुट्टी लिहून काढली. दोघांनी सह्या केल्या. तिने सही करावयास वेळ घेतला. अक्षर वळणदार यावे म्हणून. आईने तो कागद दोनदा वाचावयास लावला आणि मग म्हणाली, "माझ्या वेळी असा एक कागद असता तर!"

आज घरी गेल्यावर आपणही हा कागद लिहावा, एवढीच विनंती. जी काम करते तिने मागावा. जो काम घेतो त्याने न मागता द्यावा.

जय भीम! नमो बुद्धाय!