पेरणी लांबली, तर जिवाणूंची बाटली कुठं ठेवाल?

मृग लागला की घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्यापासून घाटावर चिखली-मेहकरपर्यंत सोयाबीनच्या पेरणीची जुळवाजुळव सुरू होते. बियाण्यासोबत द्रवरूप रायझोबियमची बाटली घरात येते आणि बऱ्याच ठिकाणी ती फवारणीच्या औषधांच्या रांगेत, टिनपत्र्याखाली जाऊन बसते. मग पाऊस आठ-पंधरा दिवस ताण देतो. त्या दिवसांत बाटलीचं काय होतं, ते आज सांगायचं आहे.

तिच्यात औषध नाही, मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला देणारे जिवंत जिवाणू आहेत. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे द्रवरूप रायझोबियमच्या एका मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत जिवाणू लागतात. किलोला १० मिली लावलं आणि किलोभर सोयाबीनमध्ये आठ-दहा हजार दाणे धरले, तर दाण्यामागे लाखभर जिवाणू येतात. थंड सावलीत ते हळूहळू घटतात, तापलेल्या पत्र्याखाली झपाट्यानं मरतात. म्हणून मुदतीच्या तारखेइतकंच, बाटली कशी राहिली हेही विचारा. घाटाखालच्या उन्हात गाडीच्या डिकीत तापलेल्या बाटलीपेक्षा मुदत महिनाभर उलटलेली, पण थंड जागी सीलबंद राहिलेली बाटली मला जास्त भरवशाची वाटते.

घरात माठ असतो तिथली गार, अंधारी जागा तिच्यासाठी चांगली. टोपलीत ओली वाळू घालून त्यात बाटली उभी करा, वाळू सुकू देऊ नका. फ्रीज असेल तर खालच्या कप्प्यात चालेल, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. आणि शक्यतो पेरणीजोगा पाऊस झाल्यावरच बाटली विकत आणा.

जुनी बाटली हाती आली तर आधी नीट बघा. तळाशी गाळ बसणं साहजिक आहे, हलवलं की तो मिसळतो. पण बाटली फुगली असेल किंवा झाकण उघडताच कुजका वास आला, तर आत दुसरेच जंतू माजले आहेत, ती बियाण्याला लावू नका. बाटली धड असेल तर रान आठवा. गेल्या एक-दोन वर्षांत तिथं सोयाबीन होतं आणि मुळांवर भरपूर गाठी होत्या, तर ते जिवाणू मातीतही आहेत. तिथं जुन्या बाटलीनं फारसं बिघडत नाही. वर्षानुवर्षं कपाशीच घेतलेल्या रानात सोयाबीन पहिल्यांदा टाकत असाल, तर मात्र ताजीच बाटली आणा. बियाण्याच्या खर्चापुढे तिची किंमत किरकोळ आहे.

जुनी म्हणून दुप्पट ओतावी का? निम्मे जिवाणू जिवंत असतील तर हिशेब जमतो, पण हजारात एखादाच उरला असेल तर दुपटीनं काही साधत नाही. शिवाय जास्त ओल लागली की सोयाबीनची नाजूक साल सुटते. जादा द्रावण ओलसर शेणखतात कालवून सरीत द्या. गुळाच्या पाण्यात जिवाणू वाढवायच्या भानगडीत पडू नका. बिअर बनवणारे जुनं यीस्ट गोड पाण्यात पुन्हा जागं करतात, कारण यीस्ट भराभर वाढतं, आणि तरीही त्यांना भांडी निर्जंतुक करावी लागतात. सोयाबीनचा रायझोबियम मुळातच सावकाश वाढणारा. घरच्या बादलीत हवेतले जंतू त्याच्या कितीतरी पुढे निघून जातात.

बुरशीनाशक आधी लावा, ते वाळू द्या, जिवाणू सगळ्यात शेवटी. बियाणं चोळू नका. ताडपत्रीवर हलक्या हातानं खालीवर करा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा.

बाटलीत जीव होता की नाही, हे पीक पस्तीस-चाळीस दिवसांचं झाल्यावर कळतं. झाड उपटू नका, गाठी मातीत तुटून राहतात. कुदळीनं मातीसकट काढा, पाण्यात बुचकळा आणि एक जाड गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी-लाल निघाली तर ती हवेतला नत्र पिकाला देते आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती कामाची नाही.

उरलेली बाटली रब्बीत हरभऱ्यासाठी राखून ठेवू नका. हरभऱ्याचा रायझोबियम वेगळा असतो, तो त्याच पिकाचं नाव बघून घ्या. स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंना अशी पिकाची अट नाही. त्यांची बाटली सीलबंद आणि मुदतीत असेल, तर हरभऱ्याला खुशाल लावा.