‘अप्लाय’ दाबण्याआधी एक मेसेज

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवलेला: आयटीतला चांगला जॉब ऑनलाइन शोधायचा कसा?

माझ्यापासूनच सुरुवात करते. दोन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीत लेऑफ झाला, त्यात माझाही नंबर लागला. वाकडच्या फ्लॅटचं भाडं चालूच, आणि घरी सांगायची हिंमत होत नव्हती. रोज रात्री नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइन उघडायचं आणि दिसेल तिथे अप्लाय करायचं. दोन महिन्यांत दीडशेच्या वर अर्ज. इंटरव्ह्यू फक्त तीन, आणि तिन्ही पहिल्याच राउंडला संपले.

आता कळतं, जे बटण मला एका सेकंदात दाबता येतं, ते बाकी सगळ्यांनाही येतं. त्या ढिगात मी एकच रेझ्युमे सगळीकडे टाकत होते.

शेवटी कॉलेजच्या एका सीनियरला मेसेज केला. चार वर्षांत एकदाही बोलणं नव्हतं. वाटलं, म्हणेल, काम पडलं तेव्हा बरी आठवण आली! पण त्याने त्याच दिवशी रेफर केलं. तिथे माझं झालं नाही, सिस्टीम डिझाइनच्या राउंडला अडकले. पण त्यानेच त्याच्या एका जुन्या टीममेटशी ओळख करून दिली, आणि आज मी तिच्याच कंपनीत आहे.

हे फक्त माझं नशीब नाही बरं का. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच हे मांडलं होतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं, ती व्यक्ती तुम्हाला किती वेळा भेटायची? बहुतेकांचं उत्तर होतं, अधूनमधून किंवा क्वचितच. कारण सोपं आहे. जवळच्या मित्रांना जे माहीत असतं, ते आपल्यालाही माहीतच असतं. नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी युजर्सवरचा अभ्यास आला, त्यातही फार घट्ट नसलेल्या ओळखीच जास्त कामाला आल्या.

मग करायचं काय? आधी लिस्टिंग नीट वाचा. जे स्किल वारंवार मागितलंय आणि तुम्हाला खरंच येतं, ते रेझ्युमेत वरती आणा. मग त्या कंपनीत आपल्या कॉलेजचं किंवा जुन्या ऑफिसचं कोण आहे ते लिंक्डइनवर शोधा.

मेसेजमध्ये नुसतं ‘हाय, जॉब आहे का?’ नको. त्याला समोरचा काय उत्तर देणार? असं लिहा: ‘दादा, मी तुमच्याच कॉलेजची, २०१९ची बॅच. तुमच्या कंपनीत बॅकएंडची ही ओपनिंग पाहिली. जावामध्ये तीन वर्षं काम केलंय. जॉब आयडी आणि रेझ्युमे सोबत देते. योग्य वाटलं तर रेफर कराल का?’ त्याला फक्त फॉरवर्ड करायचं काम उरलं पाहिजे. आणि संकोच नको, बऱ्याच कंपन्या रेफर करणाऱ्याला बोनस देतात. उत्तर नाही आलं, तर आठवड्याने एकदा आठवण करा. मग सोडून द्या.

एक लक्षात ठेवा, रेफरल फक्त दार उघडतं. आत कोडिंग राउंड आपल्यालाच द्यायचाय.

आणि कुणी रजिस्ट्रेशन फी किंवा लॅपटॉपचं डिपॉझिट मागितलं, तर तिथूनच मागे फिरा. खरी कंपनी नोकरी द्यायला पैसे घेत नाही.

शेवटचं. लेऑफ झाला असेल तर घरी सांगा. मी दोन महिन्यांनी सांगितलं, तर बाबा एवढंच म्हणाले, ‘आधी का नाही बोललीस?’

आज एपिसोड संपला की एकाच जुन्या ओळखीला मेसेज करा. आणि उद्या तुम्हाला असा मेसेज आला, तर सीनवर ठेवू नका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!