पेन्सिलीच्या कांडीत काय असते?
पेन्सिलीच्या काळ्या कांडीत शिसे नसते. असते ते ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनचेच एक रूप, आणि त्यात मिसळलेली चिकणमाती. सोळाव्या शतकात इंग्लंडमधील बॉरोडेल येथे शुद्ध ग्रॅफाइटचा मोठा साठा सापडला, तेव्हा तो शिशाचाच प्रकार समजला गेला. 1779 मध्ये कार्ल शेले यांनी प्रयोगांनी त्याचा कार्बनशी संबंध दाखवला. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे अणू थरांत रचलेले असतात. थरांमधली पकड सैल असल्याने कागदावर घासताच ते सुटतात आणि रेघ उमटते.

मग माती ही निव्वळ भेसळच, असे कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. ब्रिटनशी युद्ध सुरू असल्याने फ्रान्सला चांगले ग्रॅफाइट मिळेना, तेव्हा निकोला कोंते यांनी ग्रॅफाइटची पूड आणि चिकणमाती एकत्र मळून, कांड्या करून भट्टीत भाजल्या. 1795 मध्ये त्यांना या कृतीचे पेटंट मिळाले. टंचाईतून निघालेली ही वाट मूळ मालापेक्षा सरस ठरली, कारण कठीणपणा आता कारागिराच्या हाती आला. माती वाढवली की कांडी कठीण आणि रेघ फिकट. ग्रॅफाइट वाढवले की रेघ मऊ, गडद. पेन्सिलींवरचे एच आणि बी हेच सांगतात. मुले पेन्सिल चावतात, तेव्हा पालकांना विषबाधेची धास्ती वाटते. कांडीपुरती ती निराधार आहे. पूर्वी शिसे असे ते पेन्सिलीवरच्या रंगात, म्हणून लक्ष ठेवायचे ते रंगावर.